लॅपटॉप बर्थसाठी घ्या, टेबलासाठी नको

पत्र थोडं कापून देते आहे.

"नमस्कार ताई, मी मिरजेचा, वय एकोणचाळीस. दवाखान्यांतल्या मशिनांची देखभाल करणाऱ्या कंपनीत आहे. महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर जातात: बेळगाव, हुबळी, गोवा, सोलापूर. रात्र रेल्वेत, नाहीतर लॉजवर. चार वर्षं मोबाईलवर पोकर खेळायची सवय होती. स्क्रीन छोटी, त्यामुळे एका वेळी एकच टेबल, म्हणजे एकच डाव. एकदा गोव्याच्या घाटात, कॅसलरॉकच्या पुढे रेंज गेली आणि हातात एक्क्यांची जोडी असताना आपोआप फोल्ड झालं, म्हणजे डाव सोडल्यासारखा झाला, ते अजून डोक्यातून जात नाही. आता लॅपटॉप घ्यायचाय. बजेट अडतीस हजार. चार टेबलं एकदम उघडली पाहिजेत, सिनेमे-मालिका बघता आल्या पाहिजेत, बॅटरी टिकली पाहिजे. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घ्या, वरचे पैसे ईएमआयवर करून देतो. आपल्याकडची ॲप्स बंद झाली हे माहीत आहे, पण मित्र सांगतो की परदेशी साइट व्हीपीएन, म्हणजे आपला देश लपवणारं सॉफ्टवेअर, लावून चालते. तसं जमलं तर लॅपटॉपचे पैसे दोन महिन्यांत सुटतील. बायकोला 'कामासाठी आणि सिनेमासाठी' असं सांगून ठेवलंय. काय घेऊ?
— फिरस्ता, मिरज"

अहो फिरस्ते,

आधी तुमच्या दुकानदाराला बाजूला करते, ते सगळ्यांत सोपं आहे. पोकरला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पत्ते पिसणं, वाटणं, डाव कोणाचा ते ठरवणं हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर होतं. तुमच्याकडे येतं ते एवढंच, की तुम्हाला इस्पिकचा राजा आलाय आणि तुमच्याकडे वीस सेकंद आहेत. हिरवं कापड आणि चिप्सचा खणखणाट ही नुसती सजावट. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकी हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेला गेला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. तेव्हाचे घरगुती संगणक आठवा, म्हणजे या खेळाला यंत्राची किती ताकद लागते ते कळेल.

पट्टीचे खेळाडू समोरच्यांच्या सवयींची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर चालवतात. हजारो डावांचा डेटाबेस मागे चालू असतो, त्याला रॅम (कामापुरती मेमरी) आणि वेगवान एसएसडी (फाइली साठवायची जागा) लागते. ग्राफिक्स कार्ड तिथेही रिकामंच बसतं. गेमिंग लॅपटॉप म्हणजे दोन-सव्वादोन किलोचं धूड, विटेएवढा चार्जर, पंख्याचा आवाज आणि तीन-चार तासांत मान टाकणारी बॅटरी. बर्थवर झोपून सिनेमा बघणाऱ्याला याहून गैरसोयीची वस्तू शोधून सापडणार नाही. ईएमआयचा विषय इथेच मिटला.

चार टेबलांचं गणित मात्र खरं आहे. फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके. तिचे चार तुकडे केले की प्रत्येक टेबलाला ९६० बाय ५४० मिळतात आणि आकडे नीट वाचता येतात. जुन्या स्वस्त लॅपटॉपांची स्क्रीन १३६६ बाय ७६८ असते, तिच्या चतकोरात डोळे फोडून घ्यावे लागतात. पण ही चार टेबलं लावणार कुठे, ते आधी बोलू. तो प्रश्न तुम्ही मित्राच्या खांद्यावर ठेवून पुढे गेलात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. इतक्या झटपट आपल्याकडे नळाचं कनेक्शनसुद्धा मिळत नाही. त्याआधी सगळा वाद 'कौशल्य की नशीब' यावर चालायचा. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, त्या निकालाच्या आधारावर रमीची ॲप्स उभी राहिली आणि पोकरवालेही तोच युक्तिवाद करत आले. नव्या कायद्याने तो वादच बाजूला सारला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ म्हटला की बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही त्यात आल्या. म्हणून देशातल्या कंपन्यांनी पैशांची टेबलं एका आठवड्यात गुंडाळली. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण अडतीस हजारांची खरेदी कोर्टाच्या तारखेवर टांगून ठेवायची नसते.

तुमचा मित्र म्हणेल, खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. बरोबर आहे, नाही. पण तुमची अडचण तुरुंगाची नाही, बँकेच्या खात्याची आहे. परदेशी साइटवर पैसे भरायला सरळ रस्ता उरलेला नाही, म्हणून ते कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पाठवायला सांगतात. दर दोन दिवसांनी क्यूआर कोड बदलतो. ही खाती भाड्याने घेतलेली असतात आणि त्याच खात्यांतून दुसऱ्या कोणाच्यातरी फसवणुकीचे पैसेही फिरत असतात. पुढे कोणीतरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतं, सायबर पोलीस पैशांची साखळी धरून मागे येतात आणि साखळीत जी जी खाती आली त्यांतली रक्कम गोठते. तुम्ही जिंकलेले चार हजार ज्या खात्यातून आले ते नेमकं तसलं निघालं, तर तुमचं पगाराचं खातं अडकतं. मग फिरतीवरून आल्यावर कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला ईमेल लिहीत बसा. शिवाय व्हीपीएन लावून आलेल्या माणसाचे पैसे साइटने दिलेच नाहीत तर दाद मागायची कोणाकडे? ओळखपत्र मागतील, त्यावर भारताचा पत्ता असेल, 'नियमभंग' म्हणून खातं बंद. तेव्हा त्या साइटवर लॅपटॉप कसा चालेल हे मी सांगणार नाही.

आता ते 'दोन महिन्यांत पैसे सुटतील'. पत्रातल्या याच वाक्यावर मी थांबले. ॲप्स कायदेशीर होती तेव्हाचाच हिशेब घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे शंभर भरले की जवळपास बावीस रुपये टेबलावर बसण्याआधीच गेले. काही कंपन्या ते बोनस देऊन भरून काढायच्या ही गोष्ट वेगळी. मग प्रत्येक मोठ्या डावातून कंपनीचा रेक, म्हणजे तिचा वाटा. आणि एवढं करून वर्षाअखेरीला निव्वळ जिंकलातच तर त्यावर ३० टक्के कर. या सगळ्या चाळणीतून अडतीस हजार खाली पडायला किती जिंकावं लागलं असतं ते तुम्हीच मांडा. तुम्ही मशिनांची देखभाल करता, तेव्हा आकड्यांशी तुमचं वैर नसणार. चार वर्षांचं बँकेचं स्टेटमेंट उघडा, गेमिंग कंपनीला गेलेल्या रकमा एका रकान्यात आणि परत आलेल्या दुसऱ्या रकान्यात लिहा. मला कळवू नका. पण तो आकडा बघून पोटात गोळा आला, किंवा ॲप बंद झाल्यापासून झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लाजायचं कारण नाही. माझ्या मागच्या पिढीत रमीपायी घड्याळं आणि अंगठ्या गहाण पडलेल्या आहेत. तेव्हा असा नंबर नव्हता.

बरं, आता लॅपटॉप.

तो पोकरच्या टेबलासाठी नाही, बर्थसाठी घ्यायचा, असं समजून चला. बर्थच्या मागण्या वेगळ्या असतात. बॅटरी सहा तास टिकली पाहिजे. वजन दीड किलोच्या आसपास हवं, पोटावर ठेवून बघायचंय. स्क्रीन चौदा इंच. साडेपंधरा इंची लॅपटॉप साइड लोअरवर उघडला की झाकण पडद्यात अडकतं आणि खुर्चीयानाच्या ट्रेवर मावत नाही. कीबोर्डला दिवा हवा, कारण रात्री दहानंतर डब्यातला मोठा दिवा लावून समोरच्या आजोबांचा शाप घ्यायचा नाही. आणि चार्जिंग यूएसबी-सीवर झालं पाहिजे. या शेवटच्या अटीकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. ती का महत्त्वाची ते पुढे सांगते.

अडतीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, नाही असं नाही. पण नव्यात या भावाला काहीतरी कापलेलं असतं, आणि ते नेमकं तुम्हाला लागणारं असतं. स्क्रीन फिकट, बॅटरी लहान, चाळीस वॉट-अवरच्या आसपासची, कीबोर्डला दिवा नाही, अंग प्लॅस्टिकचं. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव जगभर चढलेत, त्यामुळे ८ जीबी रॅमवर भागवावं लागतं, आणि काही मॉडेलांत ती बोर्डावरच डाखलेली असते, पुढे वाढवता येत नाही. नावांचीही गंमत आहे. 'रायझन ३ ७३२०यू' हे प्रोसेसरचं नाव वाचून सात हजारी म्हणजे एकदम ताजा माल वाटतो, पण त्यातला तिसरा आकडा बघायचा असतो. तिथे २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २ ची, २०१९ च्या पिढीची. सिनेमाला चालेल, फसवणूक म्हणणार नाही मी, पण पैसे कशाचे देतोय ते कळलेलं बरं. नवाच हवा असा हट्ट असेल तर 'कोअर आय-३ १२१५यू' किंवा 'रायझन ५ ५६२५यू' यांसारखं काही बघा आणि रॅमचा एक खण रिकामा आहे का ते विचारा. सेलेरॉन हा अशक्त प्रोसेसर आणि ६४ जीबी ईएमएमसी ही संथ साठवण असं कार्डावर दिसलं तर पुढच्या टेबलाकडे वळा.

माझं मत विचाराल तर तुमच्या कामाला कंपन्यांनी वापरून परत केलेला लॅपटॉपच उत्तम. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांच्या कराराने लॅपटॉप घेतात आणि मुदत संपली की हजारांनी बाजारात सोडतात. ते घडवलेले असतात फिरतीच्या माणसांसाठीच: मजबूत बिजागरी, बदलता येणारी बॅटरी, खोलता येणारं पोट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी दुकानं रांगेने आहेत. पुणे-कोल्हापुरातही मिळतात, तेव्हा मुंबईची वारी करायलाच हवी असं नाही.

घेताना प्रोसेसरची पिढी बघायची. पाटीवर 'आय-५' असं ठळक लिहितात आणि पिढी बारीक अक्षरांत. विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. 'आय-५ ७३००यू' ही सातवी पिढी, तो स्वस्तात गळ्यात मारायला बघतील. 'आय-५ ८३५०यू' ही आठवी. पण तुमचं बजेट अकराव्या पिढीपर्यंत पोचायला हरकत नाही, तिथेच जा. कारण अकरावीपासून एव्ही१ नावाच्या नव्या पद्धतीचे व्हिडिओ चिप स्वतः उलगडते. आठव्या पिढीत ते काम प्रोसेसरला रेटून करावं लागतं, यंत्र तापतं आणि बॅटरी भुर्रकन उडते. यूट्यूबवर जन्म काढणाऱ्याला हा फरक तासाच्या हिशेबात जाणवतो.

नावं सांगायची तर डेलचा लॅटिट्यूड ५४२० हा अकराव्या पिढीचा, रॅमचे दोन खण असलेला, चौदा इंची. लेनोवोचा थिंकपॅड टी१४ जेन २ तसाच, फक्त त्यात थोडी रॅम बोर्डावर आणि एक खण मोकळा. पैसे वाचवायचे असतील तर आठव्या पिढीतला थिंकपॅड टी४८०. तो थोडा जाड आहे, पण त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. चालू लॅपटॉपची मागची बॅटरी काढून दुसरी भरलेली लावायची, सिनेमा थांबतसुद्धा नाही. फिरतीच्या माणसाला याहून मोठं सुख नाही. एचपीचे एलिटबुक ८४० देखणे असतात, पण त्यातल्या काहींना शेजाऱ्याने डोकावू नये म्हणून प्रायव्हसी स्क्रीन असते. ती जरा कलली की राखाडी होते. बँकेत ठीक, बर्थवर नको.

मी स्वतः एकदा असा लॅपटॉप घेऊन पस्तावलेली आहे, म्हणून तपासणीचं सविस्तर लिहिते. घरी आणून विंडोज नव्याने टाकली, तर पहिल्याच पानावर कुठल्यातरी परक्या कंपनीचं नाव आणि 'आपला ऑफिसचा ईमेल टाका'. त्या कंपनीने यंत्र विकलं, पण आपल्या यादीतून काढलं नव्हतं. दुकानदाराने आठवडाभर झुलवलं. तेव्हा दुकानातच, तुमच्या डोळ्यांसमोर, लॅपटॉप पूर्ण रीसेट करायला लावा आणि इंटरनेट जोडून पहिली सगळी पानं पार होतात का बघा. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही ना, ते बघा. मग बॅटरीचा अहवाल मागा. विंडोज तो स्वतः बनवून देते. त्यात बॅटरी मुळात केवढी होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती धरते हे दोन आकडे शेजारी असतात. दुसरा पहिल्याच्या ऐंशी टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी त्यांच्याकडूनच घालून घ्या किंवा तेवढे पैसे कमी करा. ६३ वॉट-अवरची बॅटरी ऐंशी टक्के उरली तरी पन्नास धरते; सिनेमाला आठेक वॉट लागतात, म्हणजे सहा तास. मिरज ते मुंबईत तीन सिनेमे झाले की!

बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी बॅटरीला आहे की फक्त बोर्डाला ते लिहून. तोंडी वॉरंटी लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत विरून जाते.

रॅम १६ जीबी, एसएसडी निदान २५६, सिनेमे साठवणार असाल तर ५१२. इथे तुम्हाला एक वाईट बातमी. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये विंडोजच्या ॲपमधली डाउनलोडची सोय काढून टाकली. मोबाईल-टॅबवर डाउनलोड होतं, लॅपटॉपवर नाही. लॅपटॉप घेऊन घाटात बसलात आणि नेटफ्लिक्स उघडलंत तर गोल फिरणारं चक्र बघत बसाल. यूट्यूब प्रीमियम असेल तर लॅपटॉपवरच्या क्रोममध्येही डाउनलोड होतं. नाटकं, कीर्तनं, जुनी व्याख्यानं हा माल तिथे मुबलक आहे आणि रात्रीच्या प्रवासाला मालिकांपेक्षा बरा. नाटकाला स्क्रीनकडे सारखं बघावं लागत नाही, डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. स्वतःकडच्या फाइली असतील तर व्हीएलसी हा मोफत प्लेयर काहीही चालवतो. एक पर्याय असाही, की हॉटस्पॉटवरून बघायचं. पण नेटफ्लिक्स एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातं, रोजच्या दोन जीबीवाल्यांनी हा विचार सोडावा. स्टेशनवरच्या मोफत वायफायची अर्धा तासाची मुदत असते. गाडी थांबलेली असताना एखादा व्हिडिओ उतरवायला ठीक. बँकेचं काम त्यावर करू नका.

आता यूएसबी-सी चार्जिंगचं. डब्यातल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. घाबरू नका, लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४०' लिहिलेलं असतं, तो ११० वरही चालतो. त्रास वेगळाच आहे: सॉकेट ढिलं झालेलं असतं आणि जड चार्जर स्वतःच्या वजनाने खाली येतो. मग लोक वर्तमानपत्राची घडी कोंबतात. त्यापेक्षा ६५ वॉटचा छोटा यूएसबी-सी चार्जर आणि हातभर एक्स्टेन्शन वायर ठेवा. त्याच चार्जरवर मोबाईलही भागतो आणि बॅगेतली वीट जाते. दुसरं, रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे, आगीच्या भीतीने. सगळ्या गाड्यांत तो पाळतात असं नाही, पण पाळला तर ऐन क्लायमॅक्सला स्क्रीन काळी व्हायला नको. जेवणाच्या वेळेला चार्जिंगला लावा, अकरापर्यंत भरून ठेवा. पॉवर बँकेवरून लॅपटॉप चालवायचा असेल तर तीसुद्धा निदान ६५ वॉट देणारी हवी, नुसती वीस हजार एमएएचची असून उपयोग नाही. मोबाईलची पॉवर बँक लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाही. आणि कांबळ्यावर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवेची भोकं बुजतात. जेवणाचं ताट झाकायचा पुठ्ठा पुरतो.

इअरफोन वायरचे घ्या. बर्थच्या फटीत हरवत नाहीत.

राहता राहिला पोकर. खेळ म्हणून तो चांगला आहे, हे मी पैशांवरच्या रागात म्हणायला विसरले. समोरच्याने एवढे का लावले, आपल्याकडे येऊ शकतील अशी पानं किती उरली, याचा विचार करायला लावणारा पत्त्यांचा दुसरा खेळ ब्रिजच. तेव्हा 'पोकरटीएच' नावाचा एक मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे तो उतरवून घ्या. टेक्सास होल्डेम हा पोकरचा नेहमीचा प्रकार, टेबलावर दहा जण, बाकीचे नऊ संगणक. इंटरनेट लागत नाही. म्हणजे कॅसलरॉकपासून खाली कुळ्यापर्यंत, १ ला ३७ च्या (३७ मीटर गेलं की १ मीटर खाली) त्या उतारावर, बोगद्यामागून बोगदा गेला तरी तुमची एक्क्यांची जोडी हातातच राहील. संगणकाचे खेळाडू फार हुशार नाहीत, आधीच सांगते. दोन महिन्यांत तुम्ही त्यांना ओळखून असाल. मग शक्यतांचं गणित करणारे मोफत कॅल्क्युलेटर आहेत, त्यांच्यावर जुने डाव मांडून बघा. तुमचा तो फोल्ड झालेला डावही मांडा. समोर एकच खेळाडू कुठलीही दोन पानं घेऊन बसलेला असेल तर एक्क्यांची जोडी शंभरातल्या ८५ वेळा जिंकते, म्हणजे १५ वेळा हरतेच. त्या रात्री रेंज गेली नसती तरी पुढचं काय सांगावं?

खोट्या चिप्सची मोबाईल ॲप्स कायद्यात बसतात, पण त्यांच्यापासून जरा जपून. चिप्स संपल्या की ती खऱ्या पैशाने विकत घ्यायला सांगतात आणि त्या चिप्स परत रुपयांत बदलून मिळत नाहीत. हरायचं खरं, जिंकायचं खोटं, असला सौदा तुमच्या-माझ्यासारख्याला परवडायचा नाही. आणि गोव्याला जाता म्हणून विचाराल: मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो गोव्याच्या स्वतःच्या कायद्याखाली चालतात, तो ऑनलाइन खेळ नव्हे. त्याला लॅपटॉप लागत नाही, एवढंच मी या सदरात सांगू शकते.

पैशांची वाटणी अशी करा. लॅपटॉपला तीस-बत्तीस हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्यात चार्जर, गरज पडली तर बॅटरी, आणि पातळ कव्हर. लॅपटॉपची म्हणून ओळखू येणारी बॅग घेऊ नका. कपड्यांच्या सॅकमध्ये मधोमध, आणि झोपताना सॅक उशाला. बर्थखालच्या साखळीवर भरवसा ठेवून झोपलेल्यांच्या गोष्टी मिरज जंक्शनवर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकल्या असतील.

बायकोला तुम्ही 'कामासाठी आणि सिनेमासाठी' असं सांगितलंय. मी लिहिलंय तसा घेतलात तर तो तसाच निघेल, तुमचं खोटं आपोआप खरं होईल. दुकानात जाताना त्यांनाही घेऊन जा. स्क्रीन बाजूने फिकी पडते का हे बघायला शेजारी दुसरं माणूस बसलेलं लागतं.

— तुमची ताई